प मिठूचा

कुसुम,

तुझी तेरवी आटोपली आणि पाहुणे आपापल्या गावी गेले. जाताना जो तो मला नावानं हाक मारून गेला. पोपटराव, जिवाला जपा. पोपटभाऊ, वेळेवर जेवा. पोपटमामा, येतो आम्ही. आपल्या घरात माझं नाव एवढ्या वेळा आजवर कधीच घेतलं गेलं नव्हतं. तू असतीस तर आतून म्हणाली असतीस, 'यायच्या नावाचा काय बजार मांडला?'

आईबापानं माझं नाव पोपट ठेवलं, यात माझा काही दोष नव्हता. जन्मतःच माझं नाक असं होतं म्हणे, की सुईणीला दुसरं काही सुचलंच नाही. शाळेत, बाजारात, कापूस विकायला जिनिंगवर गेलो तिथं, कोणाचाही पोपट झाला की लोक माझ्याकडं बघून हसायचे. मी ते हसण्यावारी नेलं. हौस एकच होती, की एका माणसानं तरी ते नाव नीट, प्रेमानं, पूर्ण घ्यावं. आणि नेमकं ते माणूस तू निघालीस, नवऱ्याचं नाव तोंडातून न काढणारी.

लग्न होऊन आलीस तेव्हा माझ्या बहिणींनी दार अडवलं होतं. नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही. तू मान खाली घालून म्हणालीस,

तुरीच्या शेतात कापसाची बोंडं,
…रावांचं नाव घेते, सरका आता थोडं.

त्या मधल्या जागी तू खोकलीस. साधीसुधी नाही, अशी खोकलीस की माझी आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. बहिणी घाबरून बाजूला झाल्या आणि तू माप ओलांडून आत. नवी नवरी आजारी आहे की काय, म्हणून बाबांनी दुसऱ्या दिवशी वैद्याला बोलावलं. गावानं पुढं बरेच दिवस मला खोकराव म्हटलं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही बाई सरळ हाती लागायची नाही.

पोपटी रंग तुला आयुष्यभर आवडला आणि दुकानात एकदाही मागता आला नाही. मोताळ्याच्या बाजारात साडीवाल्यापुढं मांडी घालून तू सांगायचीस, हिरवा नको, पिवळा नको, कोवळ्या हरभऱ्यासारखा पाहिजे. तो बिचारा सगळं कपाट खाली काढायचा. हरभऱ्याचं त्यालाही कळत होतं, पण कोणता हरभरा, घाट्यातला की सोललेला, यावर तुमची चर्चा चालायची. शेवटी मी मागून म्हणायचो, 'पोपटी द्या हो इले.' तोवर तू पाठ फिरवून बसलेली असायचीस, जशी काही कोणी शिवी दिली.

कळस झाला तो आपल्या लेकीच्या शाळेत. संगीताला मुळाक्षरं तू घरीच शिकवलीस, मला त्याचा अभिमान होता. क कमळाचा, ग गवताचा, सगळं ठीक होतं. पहिलीच्या गुरुजींनी फळ्यावर प काढला आणि आपली पोर ताठ उभी राहून म्हणाली, 'प मिठूचा.' वर्ग हसला. गुरुजींनी पुस्तकातलं चित्र दाखवलं, तरी तेच. मला बोलावणं आलं. मी म्हटलं, गुरुजी, पोरीची चूक नाही, चूक माझ्या बारशाची आहे. घरी येऊन तुला विचारलं, प पतंगाचा असं शिकवायला काय झालं होतं? तू म्हणालीस, पुस्तकात मिठू काढला होता, पतंग काढला नव्हता, पोरीला खोटं कसं शिकवायचं?

वाद एकच होता आणि तो संसारभर पुरला. तुझ्या आईनं तुला सांगून पाठवलं होतं, की बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य झिजतं. मी शहरातल्या बायांचे दाखले द्यायचो. नवऱ्याला नावानं हाका मारतात, अरेतुरे करतात, आणि त्यांचे नवरे चांगले ऐंशीपर्यंत जगतात. तू म्हणायचीस, नाव घेतलं नसतं तर शंभर जगले असते. मग मी दुसऱ्या बाजूनं यायचो. मी दिवसभर कुसुम, कुसुम करतो त्याचं काय? त्याचंही उत्तर तुझ्याकडं तयार होतं. 'बाईचं नाव घेतलं तं तिचं काम वाढते. आयुष्य नाही घटत.'

आपण दोघंच मिळून कुठं फिरायला गेलो, असं एकदाच घडलं. मागच्या दिवाळीनंतर सोयाबीन घरात आलं होतं, कापसाची पहिली वेचणी झाली होती, आणि संगीता फोनवर रोज म्हणत होती, या एकदा. मग संभाजीनगरला निघालो. मोताळ्याहून बुलडाणा, बुलडाण्याहून पुढची गाडी. बायांना अर्धं तिकीट, म्हणून तुझं अर्धं आणि माझं पूर्ण, आणि तरी खिडकी तुला. मी म्हटलं, पूर्ण तिकीटवाल्याचा खिडकीवर हक्क असतो. तू म्हणालीस, सरकारनं मला मान दिला, तुम्हीही द्या. धाड गावचा थांबा येईपर्यंत मी तोंड फुगवून बसलो होतो, आणि तू बाहेर बघून कोणाची तूर आपल्यापेक्षा चांगली आहे ते मला सांगत होतीस.

दुसऱ्या दिवशी संगीता आणि जावई कामावर जाणार होते. जावयानं आपल्याला रिक्षात बसवून दिलं आणि रिक्षावाल्याला सांगितलं, प्राणिसंग्रहालयात सोडा. तुला सिंह बघायचा होता. बिबट्याचं तुला काही कौतुक नव्हतं. ज्ञानगंगेच्या जंगलातला बिबट्या आपल्या शेतातून कालवड घेऊन गेला, तेव्हापासून त्याच्या जातीशी तुझं बोलणं बंद होतं. सिंहाचं तसं काही नव्हतं.

सिंह झोपला होता. आपल्याकडं पाठ करून, पाय ताणून. एवढी माणसं ओरडत होती, शिट्ट्या मारत होती, त्यानं शेपटीसुद्धा हलवली नाही. तू कठड्याला धरून बराच वेळ बघितलंस आणि मोठ्यानं म्हणालीस, 'हा तं तुमच्यावानीच निजला.' बाजूची माणसं सिंहाला सोडून माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, चल पुढं.

पुढं रोही होते, पाटीवर नीलगाय लिहिलेलं. आपल्या शिवारात कळपानं येतात आणि उभं पीक लोळवून जातात, तेच. ज्यांना हाकलण्यात आपली हयात गेली, ते इथं सावलीत बसून सरकारी चारा खात होते आणि लोक त्यांचे फोटो काढत होते. चष्मा लावलेली एक बाई मैत्रिणीला म्हणाली, किती गोड डोळे आहेत बघ. तू तिच्याकडं असं बघितलंस की ती मैत्रिणीला घेऊन पुढं सरकली. मग तू रोह्याशी बोललीस, तुरीच्या शेंगांचा, हरभऱ्याच्या घाट्यांचा, मोडलेल्या कुंपणाचा सगळा जाब विचारलास. तो रवंथ करत ऐकत होता. माझ्यासारखाच नवरा दिसतो हा, असं मला वाटलं.

तिथंच आपली चुकामूक झाली. देऊळगाव राजाकडचा एक शेतकरी भेटला, तोही रोह्यांकडं दात ओठ खात बघत होता. वैरी एकच निघाला की ओळख व्हायला वेळ लागत नाही. कुंपणाच्या तारेला झटका देणारं मशीन त्यानं कोणतं घेतलं, मी कोणतं घेतलं, बॅटरी कशी टिकते, यात आम्ही रंगलो. मागं वळून बघतो तर तू नाहीस. भाकरीची पिशवी तुझ्याकडं, पाण्याची बाटली माझ्याकडं. तुझा मोबाइल लेकीच्या घरी चार्जिंगला लावलेला, आणि कोणाचा नंबर तुला पाठ नाही.

मी मगरीकडं जाऊन आलो, सापांकडं जाऊन आलो. देऊळगावचा गडी माझ्यासोबत हिंडत होता. तेवढ्यात भोंग्यावर एका मुलीचा आवाज आला. मोताळ्याहून आलेले श्रीयुत राघोजी, आपण जिथं असाल तिथून मुख्य दरवाज्याजवळच्या खोलीत यावं, आपल्या पत्नी आपली वाट पाहत आहेत.

कुसुम, मला आनंद झाला. एवढ्या लांब आपल्या मोताळ्याचं आणखी कोणी आलंय म्हणून. त्या गड्याला म्हटलं, आमच्या गावचा आहे कोणी राघोजी, बायको हरवून बसलाय. तो म्हणाला, असतात काही माणसं बेफिकीर. मी म्हटलं, अशा माणसानं बाईला घेऊन घराबाहेर पडूच नये. भोंगा पुन्हा वाजला, पुन्हा राघोजी. मला त्या बाईची दया यायला लागली. तुला शोधायचंच होतं, म्हटलं जाता जाता राघोजीलाही शोधावं. धोतरवाले दोन-तीन म्हातारे अडवून विचारलं, तुम्ही राघोजी का? एक जण माझ्यावर खेकसला. शेवटी ठरवलं की त्या खोलीतच जावं आणि सांगावं, मी मोताळ्याचा आहे, त्या बाईला काही मदत लागली तर करतो, आणि माझीही बायको हरवली आहे, तेवढं पुकारा.

दारात पाऊल टाकलं तर खुर्चीवर तू. हातात चहा, मांडीवर भाकरीची पिशवी.

'कवाची बोलावून राह्यली मी तुमाले. आले काऊन नाही?'

'मले कोणी बोलावलं? त्यायनं राघोजीले बोलावलं.'

'मंग राघो म्हंजे कोण?'

माइकवाली पोरगी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. तिनं तुला काकांचं नाव विचारलं होतं. तू सांगितलं होतंस, हिरवं पाखरू असतं, लाल चोचीचं, मिरची खाणारं, त्याचं जे नाव तेच यांचं. पोरीच्या घरी त्याला राघू म्हणायचे. तिनं विचारलं, राघोजी? तू म्हणालीस, 'हाव, तसंच काई.' आडनाव विचारायचं तिला सुचलं नाही आणि सांगायचं तुला. मी माझं खरं नाव सांगितलं तेव्हा तिनं आधी माइक बंद आहे का ते बघितलं, आणि मग टेबलावर डोकं टेकून हसली. जन्मभर लोकांनी माझा पोपट केला, पण असा कोणालाच जमला नव्हता, आणि तुला त्यासाठी तो शब्द उच्चारावाही लागला नाही.

भाकरी खाताना मी तुझ्याशी बोललो नाही. ठेचा वाढलास तोही गुपचूप खाल्ला. मग उठून तुला मुद्दाम पक्ष्यांकडं घेऊन गेलो. एका मोठ्या जाळीत ते होतेच, पेरू कुरतडत बसलेले, वर पाटी लावलेली. मी म्हटलं, इथं ओळखीचं कोणी नाही. माझं नको घेऊ, या पाखराचं घे. पाटीवर काय लिहिलंय तेवढं वाच.

तू पाटी बघितलीस. डोक्यावरून पदर घेतलास. जाळीतल्या पाखराकडं खालच्या नजरेनं बघून म्हणालीस, 'जेवून राह्यले.'

पाखराला अहोजाहो. तेवढ्यात बाजूच्या कोणी बाईनं विचारलं, मावशी, हे कोणते हो? आणि तू शांतपणे सांगितलंस, 'आमच्या घरचे.' ती बाई माझ्या नाकाकडं बघत निघून गेली.

मला हसू फुटलं आणि हसता हसताच वाईट वाटलं. आता हे सांगायला लाज कसली. सगळ्या जगानं माझ्या नावाची टिंगल केली होती, आणि जिच्या तोंडून ते ऐकलं असतं तर ती टिंगल धुऊन गेली असती, ती बाई जाळीपुढं पदर घेऊन उभी होती. मी जरा कडूच बोललो. 'मी मेल्यावर तरी घेशीन का?'

तू वळलीस. तुझे डोळे भरले होते, आणि आवाज मात्र रागाचा होता.

'तुमाले हौस नावाची. मले हौस तुमची.'

एवढं बोलून तू मोराकडं चालायला लागलीस. इतकं उघड तू मला कधीच काही सांगितलं नव्हतंस, लग्नात नाही, संगीता झाली तेव्हाही नाही. मी मागून बाटली घेऊन आलो आणि म्हणालो, पाणी पिते का? दुसरं काही मला आलंच नाही. तू पाणी प्यायलीस आणि मोर आपल्याकडं जास्त चांगले दिसतात असं म्हणालीस.

उन्हाळ्यात तुझं दुखणं निघालं. ते इथं लिहीत नाही. तुला ते माहीत आहे, आणि भेटायला येणाऱ्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं आहे. एक दुपार तेवढी लिहितो. बुलडाण्याच्या दवाखान्यात मी तुझ्या खाटेपाशी बसलो होतो. नर्सनं विचारलं, सोबत कोण आहे, नाव काय त्यांचं? तू माझ्याकडं बोट दाखवलंस आणि तिला म्हणालीस, त्यांनाच विचारा, त्यांना आवडतं सांगायला. नर्स गेली. तुझ्या अंगात बसायचंही त्राण नव्हतं आणि वात्रटपणा जागच्या जागी होता.

मी म्हटलं, 'कुसुम, आता तरी घे वं एकदा.'

तू माझ्याकडं बघत राहिलीस. ओठ हलले. मला वाटलं, घेणार. मी खुर्ची पुढं सरकवली, कान जवळ नेला.

'आता घेतलं तं आतापर्यंतचं सारं वाया जाईन.'

मी चिडलो. आजारी माणसावर चिडू नये हे कळत होतं, तरी चिडलो. म्हटलं, तुझ्या त्या हट्टापायी मी मगरीच्या डबक्यापाशी राघोजी शोधत फिरलो. तू एवढी हसलीस की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. त्यानंतर तू तशी हसली नाहीस. त्या हसण्यासाठी मी तुझा ऋणी आहे, आणि त्या मगरींचाही.

तेरवीला आलेल्या बाया म्हणत होत्या, नशीबवान होती, अहेव गेली. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. म्हणजे वाद तू जिंकलीस. तू नाव घेतलं नाहीस आणि मी जिवंत आहे, आता यावर तुझ्याशी कसा भांडू? पण एक विचारायचं राहून गेलं. मी तुझं नाव दिवसभर घेत राहिलो. कुसुम पाणी, कुसुम चष्मा, कुसुम माझी चप्पल कुठं आहे. बाईचं आयुष्य त्यानं घटत नाही, असं तू म्हणालीस. ते खरं होतं, की मला गप्प करायला म्हणालीस?

माझं मात्र तू जरासुद्धा झिजू दिलं नाहीस. कोरं करकरीत आयुष्य माझ्या हातात ठेवून गेलीस. ते एकट्यानं कसं वापरायचं, हे सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

आज सकाळी मला एक युक्ती सुचली. म्हटलं, जे तू केलं नाहीस ते आपणच करावं. नवऱ्यानं स्वतः घेतलं तर लागू पडतं की नाही कोण जाणे, पण करून बघायला काय हरकत. ओट्यावर बसलो आणि सुरू केलं. पोपट. पोपट. पोपट. तेवढंच थोडं झिजेल. भिंतीपलीकडून नसीमभाभीनं डोकं वर काढलं. तू आयुष्यभर जिच्याकडून बांगड्या भरल्यास ती आपली शेजारीण, तुझ्या माघारी माझ्यावर नजर ठेवून असते.

'पोपटभाई, किसकू बुलारे?'

मी म्हटलं, कोणाले नाही, भाभी. ती आत गेली आणि भिंतीवरून चहाचा कप दिला. तो पिता पिता मला दवाखान्यातलं तुझं बोलणं आठवलं. एवढी वर्षं तू जीभ चावून चावून राखलेलं, आणि मी ते एका सकाळी उधळायला बसलो होतो.

गप्प झालो. उठून आत गेलो, डबा धुंडाळला, बी.पी.ची गोळी सापडली ती घेतली. वाया जाऊ देत नाही मी, तू काळजी करू नको. पण लय राखून ठेवलं वं तू, कुसुम. एकट्याले लय होते.